एक्झॉस्ट फॅन लावून सिगरेट ओढली तरी धूर घरात राहतोच
इंदिरानगर, सिडकोकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की किचनचा एक्झॉस्ट लावून खिडकीपाशी सिगरेट ओढली तर दमा असलेल्या पोराला काही होत नाही. हे चूक आहे, प्लीज पुढे पाठवू नका.

फॅनने वास कमी होतो पण बारीक कण आणि गॅस खोलीभर पसरतात, दार लावलं तरी फटीतून जातात, नंतर पडद्यांना, सोफ्याला, कपड्यांना चिकटून बसतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या) २००६ च्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की हवा खेळती ठेवून हा धोका जात नाही आणि थोडासा धूर चालतो अशी सेफ लेव्हलच नाहीये. लहान मुलं श्वासही मोठ्यांपेक्षा भरभर घेतात, त्यात दम्यामुळे श्वासनळ्या आधीच सुजलेल्या, मग दम्याच्या अ‍ॅटॅकचा धोका वाढणारच ना! गाडीत काच खाली केली तरी तेच, बिडीचंही तेच.

ओढायचीच असेल तर घराच्या पूर्ण बाहेर, बाल्कनीत नाही कारण तिथला धूर वाऱ्याबरोबर परत आत येतो, आणि पाहुणे, काका-मामा सगळ्यांना हाच नियम, वाईट वाटलं तरी चालेल. पोराचा इन्हेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फ्री आहे.