सुटेनात, आणि चिकटेनातही

पेशी वाढवणाऱ्या माणसाचा निम्मा जन्म त्यांना चिकटवण्यात जातो आणि उरलेला सोडवण्यात. दोन्ही वेळा पेशींचं मत नेमकं उलटं पडतं.

चिकटवण्याचंच बघा. नुसत्या प्लास्टिकवर बसणं बाईसाहेबांना रुचत नाही. खाली फायब्रोनेक्टिन नाहीतर कोलॅजन, म्हणजे शरीरात पेशी ज्यांना धरून बसतात ती प्रथिनं, पसरून द्यावी लागतात. फायब्रोनेक्टिनच्या एकेका साखळीत दोन हजारांहून जास्त अमिनो आम्लं. पण पेशीची पकड बसते ती मुख्यतः तीनांवर, आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल, तीही याच क्रमाने. 1984 साली हे उघड झालं. धरायचं काम इंटेग्रिनचं, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या पकड घेणाऱ्या प्रथिनांचं. आपल्या शरीरात त्यांच्या 24 जोड्या आहेत आणि प्रत्येकीची आवड वेगळी. करा सरबराई!

सोडवताना ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. त्याआधी फ्लास्क नीट धुवायचा, कारण जुन्या मीडियमातलं, म्हणजे पेशींच्या खाद्यद्रवातलं, सीरम उरलं तर ट्रिप्सिनच गारद होतं. मग 37 अंशांवर ठेवून वाट बघायची. मायक्रोस्कोपखाली ऐसपैस पसरलेल्या पेशी आकसून गोल होतात आणि एकेक करत तरंगायला लागतात. कोपऱ्यातलं एक टोळकं मात्र बसून राहतं. फ्लास्कला टपली मारा, ढिम्म! अजून थांबावं, तर ट्रिप्सिन आधी सुटलेल्यांच्या अंगावरची प्रथिनं कुरतडत बसतं. म्हणजे शहाण्यांना शिक्षा आणि हट्ट्यांना मुदतवाढ.

पण खरा छळ पेशींच्या चालण्याचा. पेशींच्या सलग थरावर पिपेटच्या टिपने रेघ ओढायची आणि काठावरच्या पेशी ती कधी बुजवतात ते बघायचं. फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीतली पेशी, तासाला वीस-तीस मायक्रोमीटर सरकली तरी खूप. आपल्या केसाची जाडी ओलांडायला तिला तीन-चार तास लागतात.

आणि चाल तरी कशी? पुढे पातळ पडदा पसरतो, आतून ॲक्टिन या प्रथिनाचे धागे वाढत त्याला ढकलतात. पडद्याखाली इंटेग्रिन जमीन धरतात, टॅलिन त्यांना धाग्यांशी बांधतं, मायोसिन ओढतं. इथवर झकास; पाहता पाहता मीही खुर्चीत पुढे सरकते. आणि मग ते मागचं टोक! पुढचं धूड निघालेलं, आणि मागे, बाहेर निघालेल्या आईचा पदर पोराने धरून ठेवावा तशी शेपूट ताणलेली. ताणते, बारीक होते, अजून ताणते. शेवटी तटकन सुटते, तीही बऱ्याचदा स्वतःच्या आवरणाचा तुकडा, इंटेग्रिनसकट, मागे ठेवून. अंगाचा लचका गेला तरी बेहत्तर, जागा सोडणार नाही!

"फायब्रोनेक्टिन वाढवून बघ," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मग त्या हलायच्याच नाहीत."

पकड फार सैल असली तर पेशीला पुढे ओढायला आधार मिळत नाही, फार घट्ट असली तर मागचं सुटत नाही. वेग सगळ्यात जास्त मध्यम पकडीला, हे 1997 साली प्रयोगाने दाखवलं गेलंय. मध्यम म्हणजे किती, हे मात्र प्रत्येक प्रकारची पेशी आपापलं ठरवते आणि आम्हाला कळवत नाही.

म्हणून या खेपेला कोटिंग कमी केलं. शेपट्या अगदी अलगद सुटल्या. त्यांच्याबरोबर निम्म्या पेशीही सुटल्या आणि आता मीडियमात मजेत तरंगताहेत. ट्रिप्सिन न घालता.