समुद्र तुमच्या चेक-आउटच्या वेळेवर चालत नाही

अलिबागला राहतो, एवढाच माझा गुन्हा. पाऊस संपला की दर शुक्रवारी रात्री फोन वाजायला लागतात. कधी आतेभाऊ, कधी बायकोच्या ऑफिसातलं कोणीतरी, कधी बारावीनंतर तोंड न दाखवलेला मित्र. "उद्या येतोय रे सगळे. उद्या किल्ला, रविवारी काशीद आणि जंजिरा उरकू आणि रात्रीपर्यंत घरी." मी विचारतो, भरती कधी आहे ते बघितलंत का? तर पलीकडून उत्तर येतं, "म्हणजे काय? किल्ला बंद असतो का?"

किल्ला बंद नसतो हो. किल्ला समुद्रात असतो! अलिबागच्या किनाऱ्यासमोरच्या या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी लागते, आणि तीही पाणी पूर्ण ओसरायच्या आधीचा नि नंतरचा तास-दीड तास, बस. बाकी वेळी होडी मिळाली तर मिळाली. साडेतीनशे वर्षांपूर्वी आरमारासाठी बांधलेला जलदुर्ग आहे तो, मॉलचा तिसरा मजला नव्हे की लिफ्टचं बटण दाबलं आणि पोचलो.

बरं, भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही, नेटवर्क लागत नाही. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, तिला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. आली पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं, आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमाराला, ओसरलेलं. शुद्ध असो की वद्य, गणित तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं चालतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि हटतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी चढतंही कमी आणि हटतंही कमी, तेव्हा ओहोटीलाही वाट पुरती कोरडी होईलच असं नाही. सगळं पंचांग पालथं घालून वास्तुशांतीचा मुहूर्त काढणारी माणसं तुम्ही, तुम्हाला तिथी बघायला जड का जातं?

गेल्या वेळच्या मंडळींचं सांगतो. ठाण्याहून सकाळी निघायचे होते, निघाले नऊला. मग वडखळ. मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रुंद होतोय, त्यात यांची गाडी अडकली तर नवल नाही, पण राग माझ्यावर. "तुमच्याकडचे रस्ते काय रे!" जणू डांबर मीच खाल्लंय. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो येते, गाडीसकट तासाभरात उतरला असतात, हे चारदा सांगितलं होतं. दीडला पोचले. सुरमई थाळीसाठी रांग. सोलकढी परत मागवली. तीनला पोटावरून हात फिरवत म्हणे, "चला, किल्ला!" तिथी चतुर्थी.

किनाऱ्यावर उभे राहून आतेभाऊ समुद्राकडे असा बघतोय की आता मॅनेजरलाच बोलावतो. "अरे, पण फोटोत तर लोक चालत जातात!" जातात ना. सकाळी नऊला गेले होते, तू ठाण्यात चहा पीत होतास तेव्हा. मग "एवढंसं तर पाणी आहे" म्हणून पँटी वर करून निघाले. जीवरक्षकाने शिट्टी मारली तर त्यालाच, "काही होत नाही हो, आम्हाला पोहता येतं." सोसायटीच्या तरणतलावात येतं, बाबा. तिथे खालची वाळू सरकत नाही.

याच्याउलट दुसरी जात. ओहोटीला आत जाते आणि बाहेर यायचं विसरते. तटावर सेल्फी, देवळाच्या पायरीवर चिवडा, आणि मागे वाट बुडून गेलेली. मग आमचे कोळी होड्या घेऊन आणायला जाणार आणि संध्याकाळी बातमी लागणार, 'पर्यटक अडकले'. जसं काही समुद्राने दबा धरून गाठलं यांना.

आणि वाळूत गाडी घालणारे! त्यांच्याबद्दल लिहायला लागलो तर शिव्याच येतील. ओल्या वाळूत नवी कोरी एसयूव्ही रुतवायची, भरतीचं पाणी चाकाला लागलं की बोंब मारायची, मग ट्रॅक्टरवाल्याशी पैशावरून घासाघीस करायची. पाणी बॉनेटला लागतंय आणि हा म्हणतो, "दोन हजार जास्त होतात."

तरी आत जाऊन बघतात तरी काय? कुलाब्याच्या तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मरतो. ती भिंत बघायला माझी लांबून यायची तयारी आहे. हे लोक तिच्यावर ऑइल पेंटने बदाम काढतात. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, तिथे चपला कुठे काढायच्या एवढाच प्रश्न पडतो. तटावरच्या चाकांच्या तोफेवर बसून पोरं फोटो काढतात आणि बाप सांगतो, "ही कान्होजींची तोफ." अरे, तोफेवरच लिहिलंय, लो मूर, यॉर्कशायर! कान्होजी गेले १७२९ ला. तो लोखंडाचा कारखाना निघाला त्यानंतर साठेक वर्षांनी. वाचता येतं ना? पोरगं तर इंग्रजी शाळेत आहे.

रविवारी जंजिरा. राजापुरीला शिडाच्या होडीसाठी उन्हात रांग, होडीत माणसं कोंबलेली, दरवाजाशी उतरताना उडी मारायची, आणि आत फिरायला पाऊण तास. पाऊण तासात कलालबांगडी तोफेपाशी गर्दी करायची आणि समुद्राखालच्या भुयाराच्या गोष्टी ऐकायच्या. शिवाजी महाराजांच्या ज्या लाय पाटलाने जंजिरा घेण्यासाठी रातोरात तटाला शिड्या लावून मोरोपंत पेशव्यांच्या माणसांची वाट बघितली आणि ती आलीच नाहीत म्हणून उजाडताना शिड्या काढून नेल्या, त्याचं नाव आमच्या होडीत कोणी घेतलं नाही. मी सांगायला लागलो तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, काशीदला बनाना राइड किती वाजेपर्यंत असते?"

आता २०२५ मध्ये थळसमोरच्या बेटावरचा खांदेरी जागतिक वारसा यादीत गेला. चांगलंच झालं. १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून महाराजांनी उभा केलेला किल्ला, कोळ्यांच्या वेताळाचं ठाणं. पण माझ्या पोटात आत्ताच गोळा आलाय, कारण ही सगळी वरात आता थळच्या किनाऱ्यावर येणार आणि विचारणार, "किल्ल्यापर्यंत गाडी जाते का?"

सरकारी खात्यांनाही सोडत नाही मी. पार्किंगची पावती फाडायला माणूस असतो, कर वसूल करायला माणूस असतो. मग प्रत्येक किनाऱ्याच्या तोंडाशी आज ओहोटी किती ते किती आणि किल्ल्यातून कितीला बाहेर पडायचं हे खडूने फळ्यावर लिहायला काय जातं? हात-हात उंच अक्षरं काढा. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. हॉटेलवाल्यांनो, तुम्हीही. वाय-फायचा पासवर्ड खोलीत चिकटवता, त्याखाली भरतीची वेळ चिकटवा. अमावास्येला सकाळी सहाला पाणी ओसरलेलं असतं आणि तुमचं गिऱ्हाईक दहाच्या चेक-आउटपर्यंत घोरत पडलेलं.

आतेभाऊ जाताना म्हणाला, "किल्ला राहिलाच रे. पुढच्या शनिवारी परत येऊ." पुढच्या शनिवारी एकादशी आहे. अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार. स्वतः कर गणित, आणि त्याप्रमाणे घरातून नीघ. परत भरतीला पोचलास ना, तर फोन करू नकोस मला.