'पेसमेकरची हमी' : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

टावी म्हणजे छाती न उघडता, जांघेतल्या धमनीतून नळीने महाधमनीची नवी झडप बसवणं. ऑपरेशनची जोखीम कमी असलेल्या रुग्णांमधल्या टावीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन वाक्यं लिहिलीत : 'झडप कंपनीच्या एजंटाने लिहावा तसा लेख. टावी म्हणजे पेसमेकरची हमी. आणि सत्तरीच्या आतल्या माणसाची ही झडप दहा-बारा वर्षांनी खराब झाली की काय, ते सोयीस्करपणे गाळलंय.'

आधी 'एजंट'. मतभेद मांडायला मराठीत याहून बरे शब्द आहेत. पंधरा वर्षं शिशाचा एप्रन घालून कॅथ लॅबमध्ये उभ्या असलेल्याला हे ऐकवण्याआधी लेख शेवटपर्यंत तरी वाचायचात. द्विदल झडपेचे (तीनऐवजी दोनच पाकळ्या असलेले) रुग्ण टावी आणि ऑपरेशनची तुलना करणाऱ्या चाचण्यांतून वगळले होते, हे त्यात स्पष्ट आहे. माल खपवणारा असली वाक्यं घालत नाही. एक चूक मात्र कबूल. 'भूल लागत नाही' असं मी लिहिलं होतं. पूर्ण भूल बहुतेकदा लागत नाही, पण जांघ बधिर करावी लागते आणि गुंगीचं औषधही द्यावं लागतं. दुरुस्ती केली आहे.

आता 'हमी'. हमी म्हणजे शंभरातले शंभर. २०१९ च्या 'पार्टनर ३' चाचणीत फुग्याने फुलवायची झडप होती. तीस दिवसांत नवा पेसमेकर टावीनंतर ६.५ टक्के, छाती उघडून केलेल्या ऑपरेशननंतर ४ टक्के रुग्णांना लागला. त्याच वर्षीच्या 'इव्होल्यूट लो रिस्क'मध्ये झडप आपोआप फुलणारी, आणि आकडे १७.४ विरुद्ध ६.१. दुसरा आकडा वाईट आहे, मी तो लपवलेला नाही. पण दोन्ही झडपा एका पोत्यात घालून वर 'हमी'चा शिक्का मारायचा, याला काय म्हणावं?

पेसमेकर लागतो तो कशामुळे? महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या : उजवी, डावी आणि नॉन-कोरोनरी. उजव्या आणि नॉन-कोरोनरी पाकळीमधल्या कोपऱ्याखाली हृदयाच्या पडद्याचा एक पातळ, पापुद्र्यासारखा भाग असतो. त्याच्या खालच्या काठाशी हिस बंडल (ठोक्याचा विद्युत संदेश खालच्या कप्प्यांकडे नेणारी तार) वर येतं आणि डावी शाखा तिथूनच फुटते. हा पापुद्रा एखाद्यात जेमतेम दोन मिलिमीटर, एखाद्यात सात-आठ. झडपेची जाळी त्याच्या लांबीपेक्षा खोल बसली की शाखा दाबली जाते. उजवी शाखा आधीच बंद असेल (ईसीजीवर आरबीबीबी), तर डावी दाबल्याबरोबर पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे संदेश खाली पोचतच नाही आणि पेसमेकर लागतो. डाव्या पाकळीखाली कॅल्शियमचा ढेकूळ असेल तर तो जाळीला समोर, नेमका पडद्याकडे ढकलतो. हे सगळं आधीच्या सीटीवर दिसतं. मोजायचं की नाही, हे आपल्या हातात.

बसवतानाचंही तसंच. उजवी आणि डावी पाकळी एकमेकींवर येतील असा सी-आर्म (कॅथ लॅबमधल्या एक्स-रे यंत्राचा हात) फिरवायचा, बहुधा उजवीकडे तिरका आणि पायाकडे झुकलेला. मग नॉन-कोरोनरी पाकळी एकटी सुटी दिसते आणि खोली खरी कळते. तिन्ही पाकळ्या एका ओळीत आणणारा नेहमीचा कोन इथे फसवतो. लक्ष्य त्या पाकळीच्या तळाखाली तीन मिलिमीटरच्या आसपास. आपोआप फुलणारी झडप खोल चाललेली दिसली तर पूर्ण सुटण्याआधी परत नळीत ओढता येते. फुग्याच्या झडपेला ही मुभा नाही. मिनिटाला १८० च्या आसपास पेसिंग चालू असताना एकदा फुगा फुगला की ती बसली तिथे बसली. नंतर घाई नडते. आरबीबीबीवाल्याची टेम्पररी वायर (तात्पुरत्या पेसमेकरची तार) किमान रात्रभर ठेवावी. आपोआप फुलणाऱ्या झडपेची नायटिनॉल या मिश्रधातूची जाळी नंतरही थोडी फुलत राहते, त्यामुळे ईसीजीवर पीआर किंवा क्यूआरएस (संदेश पोचायला आणि पसरायला लागणारा वेळ) वाढतच असेल तर बिछाना रिकामा हवा म्हणून दुसऱ्या दिवशी घरी धाडू नये.

राहिलं तिसरं वाक्य. ६५ च्या आत साधारणपणे ऑपरेशन आणि ६५ ते ८० मध्ये रुग्णाशी बोलून निर्णय, असं २०२० ची अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मीही तेच सांगतो, मग वाद कुठे आहे? 'पार्टनर ३'मधले पाच वर्षांचे मृत्यू, टावीत १० विरुद्ध ऑपरेशनमध्ये ८.२ टक्के, हेही कुणीतरी काढेलच. त्या फरकाला संख्याशास्त्राचा आधार नाही. आणि झडप खराब झालीच तर जुन्या झडपेत नवी झडप बसवता येते. कोरोनरीची (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची) तोंडं त्यात झाकली जाऊ शकतात, हे मला ठाऊक आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तुमच्यासारखा एका ओळीत मला तो उरकता येत नाही.