स्वस्त टॅब म्हणजे कचराच का? एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि रागाने लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. गावातल्या प्राथमिक शाळेने भारी उपकरणांच्या मागे लागू नये, दहा हजारांच्या आतबाहेरचे पाच-सहा टॅब घ्यावेत आणि मुलांनी ते गटात वापरावेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: स्वस्त टॅब वर्षभरात कपाटात जातो, सरकारने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या स्वस्त 'आकाश' टॅबचं काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. घ्यायचाच तर पंचवीस हजारांचा घ्या. आणि परवडत नसेल तर घरोघरी मोबाईल आहेत, तेच मुलांना आणू द्या.

आधी 'आकाश'. ऑक्टोबर 2011मध्ये तो आला तेव्हा त्याला 256 एमबी रॅम होती आणि पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे बोट टेकवून भागत नाही, दाबावं लागतं. आठ वर्षांचं पोर दोनदा दाबेल, तिसऱ्यांदा बाजूला ठेवून देईल. पण गोष्ट तिथे संपत नाही. नोव्हेंबर 2012मध्ये 'आकाश 2' आला तो कपॅसिटिव्ह, म्हणजे नुसतं बोट टेकवून चालणारा पडदा आणि दुप्पट रॅम घेऊन, आणि सरकारला पडलेली किंमत जवळपास तीच, सव्वादोन हजारांच्या आसपास. म्हणजे पहिल्याचा पडदा वाईट होता तो काही निव्वळ किमतीमुळे नाही. मुलाच्या हातात देऊन कुणी नीट पाहिलं नव्हतं, म्हणून. तुमचंच उदाहरण मला माझ्या बाजूचं वाटतं.

पंचवीस हजारांच्या टॅबबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो उत्तमच असतो. पण साठ हजारांत असे दोन येतात, आणि ते मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात राहतात, कारण फुटला तर जबाबदार कोण? शिक्षक घाबरून बाहेर काढत नाहीत. सहा साधे टॅब असतील तर वीस मुलांच्या वर्गात तिघा-चौघांना एक येतो आणि एखादा पडला तरी तास थांबत नाही.

मोबाईलच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. आपल्या गोव्यातल्या सत्तरी-सांग्यात शाळेच्या वेळेत घरातला मोबाईल घरी असतो कुठे? बाप कामावर, मोबाईल त्याच्या खिशात. त्याच मोबाईलवर बँकेचे ओटीपी येतात. मुलाने आणलाच तर वर्गात पंधरा तऱ्हेचे फोन जमतात. कुणात जागा नाही, कुणाचं अँड्रॉइड इतकं जुनं की ॲप चढत नाही. बाई शिकवणार की मेकॅनिकचं काम करणार? ज्याच्या घरी फोन नाही त्याचं काय, हे तर मी विचारतही नाही. शिवाय पडद्याचा आकार बघा. साडेसहा इंचांच्या फोनवर तिसरीतल्या मुलाला 'द्ध' आणि 'द्व' यांतला फरक दिसत नाही, आणि दोघांनी मिळून वाचायचं तर डोकी आपटतात. आठ-नऊ इंचांच्या खाली जाऊच नये.

आता तुम्ही शेवटी जो खरा प्रश्न विचारलात, 'मग टॅब मरतात कशाने?' मी पाहिलेले बहुतेक टॅब चार्जिंगमुळे आणि पावसामुळे गेले. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीलाही ओल येते, टॅबच्या चार्जिंगच्या खाचेत येणार नाही तर काय! खाच दमट असताना पिन घातली की आतले पत्रे हिरवे पडतात, मग केबल हलवत बसा. म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. चार्जिंग डब्याबाहेर, मोकळ्या हवेत, पुसून. आणि मे महिन्याच्या सुट्टीत टॅब शून्यावर ठेवून कपाट बंद करणं हा तर बॅटरीचा खूनच. लिथियमची बॅटरी पार रिकामी पडून राहिली तर ती पुन्हा उठेलच असं नाही. निम्मी भरून, पूर्ण बंद करून ठेवा. पंचवीस हजारांचा टॅबही या दोन गोष्टींतून सुटत नाही.

विजेची भीती घालणारेही भेटतात. दहा वॅटचे सहा चार्जर म्हणजे साठ वॅट, जुन्या एका बल्बएवढे. भार वायरिंगला जड नाही, बोर्ड तेवढा चांगल्या प्रतीचा घ्या.

खरेदीत मी जे बघतो ते असं. रॅम किमान 4 जीबी. सिक्युरिटी अपडेटची तारीख सेटिंगमध्ये दिसते, ती दोन वर्षं जुनी असेल तर दुकानदार पडून असलेला माल खपवतोय. हेडफोनची गोल खाच हवी, कारण पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असताना वाचून ऐकवणारं ॲप कुणाला ऐकू येणार? सगळे टॅब एकाच मॉडेलचे, म्हणजे कव्हर आणि चार्जर अदलाबदल करता येतात. सिमचा टॅब नको, फक्त वायफायचा स्वस्त पडतो. 2020मध्ये सांग्यातल्या नेत्रावळीच्या बाजूची मुलं ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगर चढत होती, तिथे सिमवर भिस्त ठेवून कसं चालेल? सरकारच्या 'दीक्षा' ॲपवरचे धडे आधी उतरवून ठेवता येतात, गूगलच्या 'रीड अलाँग' या वाचनाच्या ॲपमधल्या मराठी गोष्टीही. एखादा जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर 'कोलिब्री' हे धडे साठवून दाखवणारं सॉफ्टवेअर चढवा. साध्या राउटरवरून सगळे टॅब त्याला जोडले जातात, इंटरनेट लागत नाही.

एका बाबतीत तुमच्याशी वाद नाही. वर्गात पडदा दिवसभर नको. वीस मिनिटं, तीही शिक्षक मध्ये उभे राहून. तेवढंच करायचं असल्यामुळे तर प्रत्येक मुलाला वेगळा टॅब लागत नाही.

पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय मांडणार आहात म्हणून सांगतो: सहाची ऑर्डर एकदम देऊ नका. एक घ्या, बिल शाळेच्या नावाने, सर्व्हिस सेंटर म्हापसा, पणजी किंवा मडगावात आहे का ते विचारून. आठवडाभर तिसरी-चौथीच्या मुलांना वापरू द्या, पाऊस असेल तर उत्तमच. बाईंनी 'चालेल' म्हटलं की उरलेले पाच मागवा.