मुहूर्त १२.३४ चा, कॅमेऱ्यात ८.०४

कॅमेरे भाड्यानं देणाऱ्या लोकांना घड्याळ लावायला सांगितलं की ते "हो हो सर" म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतात. परवाच्या लग्नाला तीन कॅमेरे होते. एक सात मिनिटं पुढे, दुसरा लंडनच्या वेळेवर (कोणीतरी तिकडे फिरवून आणलेला असणार), आणि तिसऱ्याच्या आतली बॅटरी मेलेली, त्याच्या मते हे लग्न १ जानेवारीच्या मध्यरात्री लागलं. आमचा पोरगा मात्र मोबाईलवर बघून मार्कर, म्हणजे कुठला विधी किती वाजता याच्या खुणा, नोंदवत होता, अंतरपाट, अक्षता, सप्तपदी, सगळं वेळेसकट. व्हिडिओ एडिट करायला बसलो, ती यादी टाइमलाइनवर (शूटिंग ओळीनं मांडलेल्या पट्टीवर) टाकली तर 'अक्षता'च्या मार्करवर काय, तर गेटवर फेटा बांधून घेणारे नवरीचे मामा.

आणि तेच मामा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलेले. "नुसतं बघतो" म्हणून आले होते.

मी खऱ्या अक्षता शोधून काढल्या.

"किती वाजलेत त्यात?"

"१२.४१, पण मामा, हे घड्याळच पुढे..."

"टळला मुहूर्त! सात मिनिटं! मी तेव्हाच म्हणत होतो, वरात नाचत बसली."

फेटा बांधायला कोण थांबलं होतं हे आत्ताच स्क्रीनवर दिसलेलं, आणि मुलीला बोहल्यावर आणायचं काम मामाचंच. पण अर्धं पेमेंट बाकी असताना माणूस किती बोलणार? म्हणून दुसरा कॅमेरा दाखवला. त्यात ८.०४.

मामा एकदम गंभीर. "लग्न सोमवारी होतं ना? साडेसात ते नऊ राहुकाळ!"

मी समजावलं की ही लंडनची वेळ आहे, साडेपाच तास मिळवले की आपली. मिळवले तर १.३४ आले. मामा उठूनच उभे राहिले. मग सांगावं लागलं की उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून साडेचारच मिळवायचे. "घड्याळ पुढे करतात? मनानं?" हे विचारणाऱ्या माणसाचं स्वतःचं मनगटी घड्याळ पाच मिनिटं पुढे, उशीर होऊ नये म्हणून.

तसं आपणही काही कमी नाही म्हणा. देशाला एक वेळ १९०६ साली ठरली, तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती. तेव्हाच्या मामांनी काय केलं असेल देव जाणे.

शेवटी आवाजावरच जुळवलं. शेवटच्या 'सावधान'नंतर बँड असा कडाडतो की तिन्ही कॅमेऱ्यांच्या आवाजाच्या आलेखात त्या क्षणाला सुळका उभा राहतो, सुळक्याला सुळका लावला, मग प्रत्येकाचा फरक काढून सगळे मार्कर सरकवले. तेवढ्यानंही भागत नाही, लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू फ्रेम-दोन फ्रेमनं सुटत जातात, ते वेगळं शिवत बसा. सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांनी एकदा मोबाईलवरचं सेकंदासकट घड्याळ शूट केलं असतं तर रात्र वाचली असती. याचे कोणी जादा पैसे देत नाही.

मामांना यातलं काही नको होतं. "अक्षता पडताना खाली मोठ्या अक्षरात १२.३४ टाका, विषय संपला." टाकलं.

आज सकाळी मुलाच्या काकांचा फोन. त्यांच्या गुरुजींनी मुहूर्त १२.३१ चा काढला होता म्हणे, त्यांच्या कॉपीत तो हवा. जादा कॉपीचे पैसे विचारले तर म्हणाले, मुलीकडच्यांशी बोला.