बोन स्कॅनच्या इंजेक्शनात अणुकचरा नसतो

नागपुरात सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. हाडांच्या स्कॅनआधी टोचले जाणारे इंजेक्शन म्हणजे अणुवीज केंद्रांतला युरेनियमचा कचरा आहे, तो जन्मभर अंगात राहतो आणि हे औषध यंत्रावर बनत असतानाही अणुभट्टीचा घाट उगाच घातला जातो, असे त्यात म्हटले आहे. धंतोलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी तो वाचून ठरलेली तपासणी रद्द केली. स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे का, हे त्या तपासणीतून कळणार होते.

कचऱ्याच्या मुद्द्यात एवढेच खरे आहे की औषधाची सुरुवात बहुधा युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून होते. युरेनियम-२३५ च्या शंभर अणूंचे विखंडन झाले, तर त्यातून सुमारे सहा अणू मॉलिब्डेनम-९९ चे मिळतात; इंजेक्शनातले किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम याच्यापासूनच बनते. त्यासाठी युरेनियमच्या खास पट्ट्या संशोधन अणुभट्टीत साधारण आठवडाभर ठेवतात, बाहेर काढताच विरघळवतात आणि रासायनिक प्रक्रियेने मॉलिब्डेनम वेगळे करतात. वीज केंद्रातल्या वापरलेल्या इंधनातून ते मिळवताच येणार नाही, कारण मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, अवघे ६६ तासांचे आहे. इंधन पाण्याच्या टाकीत दोन महिने निवले की त्यातल्या मॉलिब्डेनमचा जेमतेम पस्तीस लाखावा भाग उरतो. म्हणजे ज्याला कचरा म्हटले जात आहे, त्यात हे औषध शोधूनही सापडणार नाही.

रुग्णालयात येतो तो शिशाच्या जाड आवरणातला जनरेटर; हा विजेचा नव्हे, टेक्नेशियम देणारा. आतल्या बोटभर नळीत अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) भरलेला असतो आणि मॉलिब्डेनम त्याला चिकटून असते. त्याच्या क्षयातून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहते. सकाळी नळीतून सलाइन सोडले की टेक्नेशियम पाण्याबरोबर कुपीत उतरते, मॉलिब्डेनम मागे राहते. चुकून काही उतरले आहे का, हे रुग्णाला टोचण्याआधी मोजले जाते. युरेनियमचा संबंध त्याआधी, प्रक्रियेच्या कारखान्यातच संपलेला असतो.

आता जन्मभर राहण्याचा मुद्दा. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे, त्यामुळे २४ तासांनी सोळावा भाग उरतो, आणि लघवीवाटे बरेचसे बाहेर पडत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. त्याचे रूपांतर ज्या टेक्नेशियम-९९ मध्ये होते, ते मात्र दोन लाख वर्षांहून अधिक अर्धायुष्याचे आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण बोन स्कॅनला लागणारी मात्रा सुमारे चार नॅनोग्रॅम असते. तेवढ्यापासून उरलेल्या टेक्नेशियममध्ये सेकंदाला दोन-तीन अणूंचा क्षय होतो, तर निसर्गतः असलेल्या पोटॅशियममुळे प्रत्येक प्रौढाच्या शरीरात सेकंदाला चार हजारांच्या आसपास होतो. काकूंनी विचारले, “नातीला जवळ घेऊ का?” त्या दिवशी फार वेळ मांडीवर घेऊ नये, पाणी भरपूर प्यावे, दुसऱ्या दिवसापासून खुशाल घ्यावे.

यंत्राचा मुद्दा मात्र पूर्ण चुकीचा नाही. सायक्लोट्रॉनवर, म्हणजे अणुकणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, टेक्नेशियम-९९एम थेट बनवता येते, परंतु सहा तासांत निम्मे होणारी वस्तू दूरच्या गावी पाठवायची कशी? जनरेटर आठवडाभर रोज औषध देतो, म्हणून तो लहान शहरांपर्यंत पोहोचतो. २००९-१० मध्ये कॅनडाची आणि नेदरलँड्सची अणुभट्टी एकाच काळात बंद पडली, तेव्हा जगभर तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. मॉलिब्डेनम साठवून ठेवता येत नाही, रोज त्यातले बावीस टक्के आपोआप नाहीसे होते.

पट्ट्या विरघळवल्यावर उरणारे किरणोत्सारी द्रव्य हा खरा कचरा आहे आणि तो काळजीने सांभाळावाच लागतो. पूर्वी या पट्ट्यांत अण्वस्त्रांसाठी वापरता येईल असे अतिसमृद्ध (युरेनियम-२३५ चे प्रमाण खूप वाढवलेले) युरेनियम असे, ही आक्षेपाची रास्त जागा होती. आता मोठ्या उत्पादकांनी वीस टक्क्यांहून कमी समृद्ध युरेनियम स्वीकारले आहे. हे प्रश्न अणुभट्टी आणि प्रक्रिया-केंद्राला विचारायचे आहेत. काकूंच्या शिरेत जाणाऱ्या सलाइनमध्ये यातले काहीच नसते.