‘एमबीआर म्हणजे महागडी गाळणी’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या प्रतिक्रियेचा गोषवारा आधी देतो. अंधेरीतल्या तुमच्या २०० फ्लॅटच्या सोसायटीत बिल्डरने एमबीआर एसटीपी बसवून दिला, म्हणजे सांडपाणी जिवाणूंकडून साफ करून मेम्ब्रेनमधून (अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून) गाळून घेणारा प्लांट. दोन वर्षांत मेम्ब्रेन चोंदली, फ्लशला पिवळट, वासाचं पाणी येऊ लागलं, प्लांट बंद पडला आणि आता टँकर सुरू आहेत. ‘ही नुसती महागडी गाळणी आहे, मेम्ब्रेनच कुचकामी,’ असं तुमचं म्हणणं.

महागडी हे मान्य. लहान प्लांटला हजार लिटरमागे १ ते १.५ युनिट वीज सहज जाते, कारण ब्लोअरला (हवा फुंकणाऱ्या यंत्राला) जिवाणूंना प्राणवायू द्यायचा असतोच, शिवाय मेम्ब्रेनच्या अंगावरचा गाळही हवेने सतत झटकत ठेवायचा असतो. जागा असेल तर साधा एमबीबीआर (पाण्यात तरंगत्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारी टाकी) आणि पुढे सँड व कार्बन फिल्टर हा पर्याय स्वस्त पडतो. पण मुंबईत एसटीपीला बेसमेंटचा कोपरा मिळतो. एमबीआरमध्ये सेटलिंग टँक (गाळ खाली बसवायची टाकी) लागत नाही आणि टाकीतला गाळ, म्हणजे घाण खाणारे जिवाणू, लिटरला ८ ते १२ ग्रॅम ठेवता येतो, साध्या पद्धतीत तो ३-४ ग्रॅम असतो. बिल्डर एमबीआर घेतो तो या जागेसाठी.

मेम्ब्रेन कुचकामी, हे मात्र पटत नाही. पोकळ धाग्यांच्या मेम्ब्रेनची छिद्रं साधारण ०.०४ मायक्रॉनची, त्यातून गाळ आणि जिवाणू जात नाहीत. ती चोंदतात ती बहुतेक वेळा आधीच्या टाक्यांमुळे. पहिला संशयित स्क्रीन, म्हणजे सुरुवातीची कचरा अडवणारी जाळी. पोकळ धाग्यांना १ ते २ मिमीची बारीक स्क्रीन लागते, तीही गोल छिद्रांची. लांब फटींच्या जाळीतून केस उभा सरळ निघून जातो. मग केस, कपड्यांचे धागे आणि वेट वाइप्सचे तंतू मिळून मेम्ब्रेनच्या बुडाशी वेणीसारखी दोरी वळली जाते, आणि ती कुठल्याही केमिकलने सुटत नाही. बऱ्याच ठिकाणी स्क्रीन बरोबर असते, पण रात्री ती तुंबली की ऑपरेटर बायपास (जाळी टाळून जाणारी वाट) उघडतो आणि सकाळी बंद करायला विसरतो. ड्रॉइंगवर बायपासची ती रेघ किती निरुपद्रवी दिसते!

दुसरा संशयित फेस मारायचं औषध. सुरुवातीला साबणाचा फेस टाकीबाहेर येतो, आणि कोणीतरी सिलिकॉनचं अँटीफोम ओततं. फेस बसतो, पण सिलिकॉन मेम्ब्रेनवर चिकटतं. फेसावर पाण्याचा फवारा मारावा. स्वयंपाकघरातल्या तेलाचंही तेच, म्हणून ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी टाकी) वेळच्या वेळी उपसायला हवा.

आता हिशेब, कारण खरी गोम इथे असते. २०० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे दिवसाला १,३५,००० लिटर पाणी. त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर १,०८,००० लिटर. मेम्ब्रेनच्या एका चौरस मीटरमधून तासाला १५ लिटर आणि दिवसाचे २० तास ओढायचं ठरवलं, तर ३६० चौ. मी. लागतात. तासाला २५ लिटर आणि पूर्ण २४ तास धरले की १८० चौ. मी.मध्ये काम भागतं. कागदावर दोन्ही बरोबर. पण २४ तास धरले की ९ मिनिटं ओढून १ मिनिट विश्रांती, धुलाई, वीज जाणं या सगळ्याला जागाच उरत नाही. निम्म्या क्षेत्रफळाचं कोटेशन स्वस्त दिसतं आणि पुढची सगळी वर्षं मेम्ब्रेनला ओरबाडत चालतं. तुमच्या फाइलमध्ये हा आकडा आधी शोधा. सोबत इक्वलायझेशन टाकी (येणारं सांडपाणी साठवून सारख्या वेगाने पुढे सोडणारी) किती तासांची आहे तेही बघा. सकाळी ७ ते १०ची आंघोळीची लाट थेट मेम्ब्रेनवर आदळता कामा नये.

गाळ काढणं हा सगळ्यात टाळला जाणारा भाग. तुमच्या आकाराच्या प्लांटमधून रोज साधारण एक घनमीटर पातळ गाळ काढावा लागतो. तो कुठे टाकायचा हा प्रश्न असतो, म्हणून काढलाच जात नाही. लिटरला १५ ग्रॅमच्या वर गेला की पाणी पिठल्यासारखं दाट होतं, हवा त्यात नीट विरघळत नाही आणि मेम्ब्रेनमधून पाणी ओढणाऱ्या सक्शन पंपाचा व्हॅक्यूम (ओढीचा जोर) चढत जातो. रजिस्टरमध्ये तो व्हॅक्यूम रोज, त्याच प्रवाहावर लिहिला असता तर चोंदणं कित्येक आठवडे आधी दिसलं असतं.

पिवळेपणा मेम्ब्रेनचा दोष नाही. तो विरघळलेला रंग आहे आणि ०.०४ मायक्रॉनची छिद्रं त्याला अडवत नाहीत, क्षारांनाही नाही. रंगासाठी कार्बन फिल्टर किंवा ओझोन लागतो. वास बहुधा फ्लशच्या टाकीत तयार होतो: क्लोरीन संपलेलं पाणी साचून राहिलं की पाइपांत बुळबुळीत थर धरतो. सर्वात वरच्या मजल्यावर लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन शिल्लक मिळतो का, ते तपासा.

मुंबईपुरती आणखी एक गोष्ट. तलावांचं पाणी मऊ, आणि अमोनियाचं नायट्रेट होताना १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) खर्ची पडते, आणि मऊ पाण्यात ती मुळातच कमी असते. पीएच ६.५च्या खाली घसरला की हे काम मंदावतं आणि अमोनिया तसाच पुढे जातो. अॅनॉक्सिक टाकीचं (हवा न दिलेल्या टाकीत पाणी परत फिरवण्याचं) रिसर्क्युलेशन चालू असेल तर निम्म्यापर्यंत अल्कलिनिटी परत मिळते, उरलेली कमी खाण्याच्या सोड्याने भरून काढता येते.

नवी मेम्ब्रेन मागवण्यापूर्वी हे करा. टाकी गेले महिने कोरडी ठेवली असेल तर आशा सोडा. धागे वाळले की छिद्रं आकसतात आणि प्रवाह पूर्ववत होत नाही. पाण्यात बुडालेली असतील तर वेण्या हाताने काढा, मग १,००० ते २,००० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) हायपोमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या क्लोरीनयुक्त द्रावणात, काही तास भिजवा. १० टक्क्यांचं हायपो १ लिटर आणि पाणी ९९ लिटर म्हणजे १,००० पीपीएम, पण ड्रम जुना असेल तर ताकद आधी तपासून घ्या, उन्हात ती झपाट्याने उतरते. त्यानंतर साध्या पाण्याने नीट धुऊन सायट्रिक अॅसिड. हायपो आणि अॅसिड एकाच टाकीत कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बेसमेंटमध्ये तो जीवघेणा आहे. धुलाईनंतर स्वच्छ पाण्यावर व्हॅक्यूम मोजा आणि तो बसवतानाच्या आकड्याशी ताडून पाहा.